दुसऱ्या कोर्सचा हिशेब

कॅनडात एक वर्षाचा कोर्स पूर्ण केला की शिक्षणानंतर काम करण्याचा परवाना एक वर्षाचा मिळतो. दोन वर्षांचा कोर्स केला तर तो तीन वर्षांचा मिळतो. आणि एक-एक वर्षाचे दोन कोर्स पाठोपाठ केले, तर दोन्हींची मुदत एकत्र धरून परवाना तीन वर्षांचा मिळू शकतो. हे गणित परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या केबिनमध्ये, सेमिनारच्या पडद्यावर आणि तिकडे गेलेल्या नातेवाइकांच्या फोनवर आता पाठ झाले आहे. एक अधिक एक बरोबर तीन. आई-वडील ऐकतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून उभे करायचे या विचाराला लागतात. दुसऱ्या वर्षी आपले मूल नेमके काय शिकणार, हा प्रश्न त्या बैठकीत बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दोन कोर्स जोडणे हा गुन्हा नाही, नियमानेच ती मुभा दिली आहे. पण ज्या कोर्समधून काही शिकण्याचा हेतूच नाही, तो निव्वळ परवान्याचे महिने वाढवण्यासाठी विकत घेणे हे व्यवहाराने खोटे आणि नीतीने चूक आहे. आणि या चुकीचा मोठा वाटा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांच्या नव्हे, त्यांना पाठवणाऱ्या आपल्या पदरात पडतो.

आधी नियम नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवरच हा बाजार चालतो. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे ज्याला सगळे पीजीडब्ल्यूपी म्हणतात, ते आयुष्यात एकदाच मिळते. आठ महिन्यांपेक्षा छोट्या कोर्सवर ते मिळत नाही. दोन कोर्स जोडायचे तर प्रत्येक कोर्स किमान आठ महिन्यांचा हवा, प्रत्येक कोर्स स्वतंत्रपणे या परमिटला पात्र हवा आणि दोन्ही पूर्ण केल्याचे कागद हवेत. पहिला कोर्स संपताच एखाद्याने घाईने एक वर्षाचे परमिट घेतले, तर दुसऱ्या कोर्सनंतर त्याला नवे मिळत नाही. शेवटचे सत्र सोडून प्रत्येक सत्रात पूर्णवेळ विद्यार्थी असावे लागते. कोर्स पूर्ण झाल्याचे कळल्यापासून १८० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिटही तिथेच थांबते.

आता मुलांची बाजू. लांब परमिट हवेसे वाटण्यात गैर काही नाही. कॅनडात कायमचे राहायचे तर 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास' या मार्गासाठी तिथल्या कुशल कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. शिकत असताना केलेले काम या अनुभवात धरले जात नाही. ज्याच्या हातात फक्त बारा महिन्यांचे परमिट आहे, त्याने नोकरी शोधायची कधी, एक वर्ष भरायचे कधी आणि पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज करायचा कधी? २०२५ मध्ये या वर्गातून अर्जदार निवडण्याच्या फेऱ्यांत गुणांची अट पाचशेच्या वरच राहिली. त्यामुळे नुसते एक वर्ष भरूनही भागत नाही, गुण वाढवायला आणखी वेळ लागतो. तेव्हा तीन वर्षांचे परमिट म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली उसंत, असे मुलांना वाटते, आणि तसे वाटणे चुकीचे नाही.

पण परमिट वेळ देते, काम देत नाही. सगळा घोळ इथे आहे. कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात कामांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. पीआरसाठी शून्य ते तीन या पायऱ्यांवरचे काम धरतात. गोदामात माल हलवणे, खाद्यपदार्थांच्या काउंटरवर उभे राहणे, इमारतीच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून रात्र काढणे ही कामे चौथ्या-पाचव्या पायरीची आहेत. ती प्रामाणिक कष्टाची आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण ती एक वर्ष केली काय आणि तीन वर्षे केली काय, या मार्गाच्या खात्यात त्यांची नोंद शून्यच होते. वरच्या पायरीवर चढायला कौशल्य लागते. ते जर दुसऱ्या कोर्सने दिले नसेल, तर त्या कोर्सने दिले काय? त्याच पायरीवर आणखी दोन वर्षे उभे राहण्याची परवानगी!

सांगलीकडचा एक मेकॅनिकल इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. ओंटॅरिओतल्या एखाद्या कॉलेजात त्याचा पहिला एक वर्षाचा ग्रॅज्युएट सर्टिफिकेट कोर्स आहे ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंटचा, दुसरा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा. दोन्हींत व्यावसायिक संवाद, दोन्हींत एक्सेल, दोन्हींत गटाने करायचे सादरीकरण. ब्रॅम्प्टनमध्ये चौघांनी मिळून घेतलेल्या तळघरातून तो संध्याकाळी गोदामाच्या शिफ्टला निघतो, पहाटे परततो आणि वर्गात मागच्या बाकावर बसून जागे राहण्याची धडपड करतो. मागच्या वर्षीची असाइनमेंट थोडी फिरवून या वर्षी चालते, हे त्याला कळलेले असते. ज्या यंत्रांचे शिक्षण त्याने चार वर्षे घेतले, त्यांना हात लावून दोन वर्षे लोटली आहेत. दुसरे वर्ष संपते तेव्हा त्याच्या हाती दोन सर्टिफिकेटे असतात. मुलाखत घेणारा मात्र त्याला एकच विचारतो, गेल्या दोन वर्षांत इंजिनिअर म्हणून तू काय केलेस? दोन्ही सर्टिफिकेटांत या प्रश्नाला उत्तर नाही.

पैशाचा हिशेबही एकदा समोर मांडून पाहावा. एका वर्षाच्या अशा कोर्सची फी साधारण सोळा ते अठरा हजार डॉलर. राहण्या-खाण्यासाठी विद्यार्थ्याकडे किती पैसे हवेत, याचा कॅनडा सरकारनेच ठरवलेला आकडा सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर आहे. जानेवारी २०२४ पूर्वी हाच आकडा दहा हजार होता. डॉलर साठ-पासष्ट रुपयांना धरला तर दुसऱ्या वर्षाचा खर्च पंचवीस लाखांच्या आसपास जातो. 'मुलगा तिथे काम करून भागवेल' असे म्हणणाऱ्यांनी पुढचा गुणाकारही करावा. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. ओंटॅरिओत किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर आहे. सुट्ट्यांतले जादा तास सोडले, तर बावन्न आठवडे एकही खाडा न करता, कर कापण्याआधी, ही कमाई बावीस हजार डॉलरच्या आत राहते. म्हणजे ती सरकारने ठरवलेल्या राहण्याच्या खर्चालाही पुरत नाही. फीचे दहा-अकरा लाख घरून किंवा कर्जातून यायचे. ते आले नाहीत की मूल चोवीस तासांच्या मर्यादेपलीकडे, रोखीवर, मालक देईल त्या भावाने राबू लागते. पगार बुडवला तरी तक्रार करायची सोय नाही, कारण तक्रार केली तर नियम मोडल्याची कबुली द्यावी लागते. मुलाला या कोपऱ्यात आपणच लोटलेले असते.

आणि ज्या गणितावर हे सगळे उभे आहे, ते गणितही जागेवर राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. १५ फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स पदवी दोन वर्षांहून कमी मुदतीची असली, तरी ती किमान आठ महिन्यांची असेल तर तिच्यावर तीन वर्षांचे परमिट मिळू लागले. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात शिकवण्याची जी सोय होती, तिथे १५ मे २०२४ पासून सुरू केलेल्या शिक्षणावर हे परमिट बंद झाले. १ नोव्हेंबर २०२४ पासून या परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना भाषेच्या परीक्षेची अट आली, आणि त्या दिवसापासून विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांच्या बाबतीत विद्यापीठाची पदवी नसलेल्या कोर्सना विषयाची अट आली. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामासारखी कुशल कामे, वाहतूक अशा टंचाईच्या क्षेत्रांतलेच कोर्स पात्र ठरू लागले. मुलांना सर्वांत जास्त विकले गेलेले मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट कोर्स या यादीबाहेर राहिले. त्याच महिन्यात आणखी एक नियम आला. कॉलेज बदलायचे असेल तर नवा विद्यार्थी परवाना काढावा लागेल. म्हणजे एका कॉलेजात पहिला कोर्स करून दुसऱ्या कॉलेजात दुसरा जोडायचा ज्याचा बेत होता, त्याला नव्याने अर्ज करणे भाग पडले आणि नव्या अटीही लागू झाल्या. जून २०२५ मध्ये पात्र यादीतून १७८ कोर्स काढले गेले, आणि काही दिवसांतच ते तात्पुरते पुन्हा यादीत घेतले गेले. दोन वर्षांनंतरच्या परमिटवर डोळा ठेवून आज पैसे भरणाऱ्या कुटुंबाने एवढे एक लक्षात ठेवावे. दोन वर्षांनी कोणता नियम असेल, हे सल्लागाराला ठाऊक नाही आणि आज खुर्चीत बसलेल्या मंत्र्यालाही नाही. नियम बदलला तर परमिट गेले. शिकलेले मात्र कोणत्याही सरकारला काढून घेता येत नाही. म्हणून जे शिकण्यासारखे आहे, त्यावरच पैसा लावणे हा शहाणपणा आहे.

यातून काहींनी किती सोसले आहे, तेही आपल्या समोर आहे. २०२२ च्या सुरुवातीला क्वेबेक प्रांतातली एकाच समूहाची तीन खासगी कॉलेजे अचानक बंद पडली आणि फी भरून बसलेले शेकडो भारतीय विद्यार्थी रस्त्यावर आले. भारताच्या उच्चायुक्तालयाला त्यांच्यासाठी सूचनापत्र काढावे लागले. २०२३ मध्ये पंजाबातल्या एजंटांनी दिलेली बनावट प्रवेशपत्रे उघडकीस आली. शिक्षण पूर्ण करून पीआरच्या दारात उभ्या असलेल्या मुलांवर देश सोडण्याची वेळ आली. तीही मुले आपल्यासारख्याच घरांतली होती. त्यांच्याही आई-वडिलांनी कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून सही केली होती.

या व्यवहारात फायदा कुणाचा होतो, हे उघडपणे बोलले पाहिजे. ओंटॅरिओ प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये तिथल्या सरकारी कॉलेजांची तपासणी केली. विद्यार्थिसंख्येत परदेशी विद्यार्थी तीस टक्के होते, पण फीच्या एकूण उत्पन्नात त्यांचा वाटा अडुसष्ट टक्के होता. त्या परदेशी विद्यार्थ्यांतले बासष्ट टक्के भारतातले होते. आणि २०२०-२१ या एका वर्षात या कॉलेजांनी विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटांना अकरा कोटी डॉलरपेक्षा अधिक कमिशन दिले होते. प्रांत सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी २०१९ मध्ये दहा टक्क्यांनी कमी करून गोठवली होती, आणि कॉलेजांनी तो खड्डा आपल्या मुलांच्या फीने भरला. श्रीमंत देशाने स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाचा भार आपल्याकडच्या कर्जबाजारी घरांवर टाकावा, हे अन्यायाचे आहे आणि ते त्या देशाला सांगितलेही पाहिजे. पण आपल्या गावातला जो सल्लागार 'आमची सेवा मोफत आहे' असे सांगतो, त्याचे पैसे कुठून येतात, हे विचारण्याचे काम कॅनडाचे नव्हे, आपले आहे. मूल एकाऐवजी दोन कोर्सना गेले तर कमिशनची संधीही दोनदा येते. असा माणूस मुलाला 'दुसरा कोर्स घेऊ नकोस' असे सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

आता नीतीचा मुद्दा. विद्यार्थी परवान्याच्या अर्जाबरोबर 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' जोडतात. मला हा विषय का शिकायचा आहे, हे त्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. प्रत्यक्षात ते अनेकदा सल्लागाराच्या कार्यालयात तयार होते. दुसऱ्या कोर्सच्या वेळी तर त्यात ठरावीक साचा असतो. पहिल्या कोर्सने ज्ञानाची भूक वाढली, दुसऱ्याने ती पूर्ण होईल, मग मी मायदेशी परतून मोठ्या कंपनीत जबाबदारीचे पद घेईन. मूल ते वाचते, त्यातले एक वाक्यही खरे नाही हे त्याला माहीत असते, आणि ते सही करते. शेजारी बसलेले वडील ती सही होताना पाहतात. ज्या घरात लहानपणी खोटे बोलल्याबद्दल मार बसला असेल, त्याच घरात मुलाच्या आयुष्यातला पहिला मोठा सरकारी कागद असा खोटा निघतो.

आणि या खोट्याची गरजही नसते. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यातले बाविसावे कलम सांगते की पुढे कायमचे राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. मात्र दिलेली मुदत संपली तर हा माणूस देश सोडेल, एवढे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. म्हणजे 'संधी मिळाली तर मला इथे राहायला आवडेल, नाही मिळाली तर मी परत जाईन, आणि या कोर्समधून मला अमुक शिकायचे आहे' असे सरळ लिहिता येते. याउलट, महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे ठरले तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. खरे लिहायला फक्त एक अट आहे, शिकण्याचे काहीतरी कारण खरोखर असले पाहिजे. तेच नसेल तर कितीही सफाईदार इंग्रजी त्या कागदाला वाचवणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतातून गेलेल्या विद्यार्थी परवान्याच्या अर्जांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश नाकारले गेले. जी मुले खरोखर शिकायला निघाली होती, त्यांच्याही अर्जाकडे आता संशयाने पाहिले जाते. खोट्या कागदांची किंमत अशी खऱ्या मुलांना मोजावी लागते, आणि मला यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

परदेशात एकावर एक अभ्यासक्रम जोडण्याचे थोर उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथली एम.ए. १९१५ मध्ये मिळवून ते पुढच्या वर्षी लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन ठिकाणी त्यांनी एकाच वेळी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, काही मदत आणि काही उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एम.एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण करून १९२३ मध्ये ते परतले, आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी.ही मिळाली. त्यांनीही पदवीला पदवी जोडली, पैशासाठी ओढाताण सोसली, मुदतीचा जाच सहन केला. पण प्रत्येक पदवीमागे एक प्रश्न होता, ज्याचे उत्तर त्यांना हवे होते. रुपयाच्या चलनाचा प्रश्न हा त्यांतलाच एक, आणि त्यावरचा त्यांचा प्रबंध आजही वाचला जातो. प्रत्येक मुलाने आंबेडकर व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण 'मी हे का शिकतो आहे?' या प्रश्नाला एक खरे वाक्य उत्तर म्हणून देता यावे, एवढी अपेक्षा प्रत्येकाकडून करता येते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की श्रीमंतांची मुले मोठ्या विद्यापीठांत जातात, त्यांना कोणी नीती शिकवत नाही. सर्वसामान्य घरातल्या मुलाला एकच शिडी मिळाली, तर तीही काढून घ्यायची का? शिडी काढून घ्यावी असे मी म्हणत नाही. ती कोणत्या भिंतीला लावली आहे, ते पाहा, एवढेच म्हणतो. त्याच मेकॅनिकल इंजिनिअरने पहिल्या वर्षी ऑटोमेशन आणि दुसऱ्या वर्षी रोबोटिक्स शिकले, तर दोन कोर्स जोडण्याचा निर्णय उत्तम आहे. रुग्णालयात अनुभव घेतलेल्या नर्सने तिथल्या पद्धतीचे एक प्रशिक्षण घेऊन पुढच्या वर्षी वृद्धसेवेचे किंवा अतिदक्षता विभागाचे घेतले, तर तिला नोकरी शोधत फिरावे लागणार नाही. आणि ज्याची तयारी आहे, त्याला एका वर्षाच्या चांगल्या मास्टर्सवरही आता तीन वर्षांचे परमिट मिळू शकते. दोन सर्टिफिकेटांच्या खर्चात हा पर्याय बसतो का, हे सल्लागार आपणहून सांगत नसेल तर आपण विचारायचे.

दुसरा आक्षेप मुलींचा आहे, आणि तो मला अधिक बोचतो. कितीतरी मुलींसाठी परमिटचे आणखी एक वर्ष म्हणजे लग्नाच्या तगाद्यापासून मिळालेले आणखी एक वर्ष असते. स्वतःच्या नावाचे बँक खाते, स्वतःच्या नावाचे भाडेपत्र आणि रात्री एकटीने घरी येण्याचे धाडस तिला तिथे पहिल्यांदा मिळते. तिने ते वर्ष वाढवण्यासाठी काहीही केले, तर तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. दोष आपल्या घरांचा आहे. मुलीला मोकळेपणासाठी बारा हजार किलोमीटर दूर जावे लागते आणि वर आणखी दहा लाख मोजावे लागतात. तिलाही एवढेच सांगावेसे वाटते की ते वर्ष अशा विषयात घाल, ज्याच्या बळावर तू पुढे कुठेही, कॅनडात किंवा पुण्यात, स्वतःच्या पायावर उभी राहशील. परवान्याने मिळालेले स्वातंत्र्य परवान्याबरोबर संपते.

आता आई-वडिलांविषयी. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तने करून सांगितले की ऋण काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, पोराला शाळेत घाला. आपण त्यांचे ऐकले आणि पोरांना शाळेत घातले. पण ऋण काढून सण करण्याची सवय गेली नाही, ती फक्त शिक्षणात शिरली. विमानतळावरचा हारतुऱ्यांचा फोटो, सोसायटीच्या गटावर अभिनंदनाचा पाऊस, 'आमचा मुलगा कॅनडाला असतो' हे वाक्य, आणि लग्नाच्या स्थळांत वाढलेला भाव. या सगळ्यासाठी सातबाऱ्यावर बोजा चढतो, फ्लॅट तारण जातो, आईच्या पाटल्या बँकेत जातात. दहा-बारा टक्के व्याजाने पंचवीस लाखांवर वर्षाला नुसते व्याज अडीच-तीन लाख होते. मुलाला हे सगळे माहीत असते. म्हणूनच पहिल्या वर्षानंतर 'इथे जमत नाही, मी परत येतो' हे तो बोलू शकत नाही. त्याच्या तोंडून 'दुसरा कोर्स घेतो' हे येते. दुसरा कोर्स अनेकदा शिक्षणासाठी नसतोच, परमिटसाठीही पूर्णपणे नसतो. परत येण्याची लाज एक वर्ष पुढे ढकलण्यासाठी तो घेतलेला असतो.

ही लाज आपणच निर्माण केली आहे आणि ती आपणच संपवायला हवी. एक वर्ष शिकून परत आलेला मुलगा हरलेला नसतो. त्याने परका देश पाहिला, स्वतःचे जेवण स्वतः केले, स्वतःच्या कष्टाचा पगार मोजला. तो परत आला की शेजारपाजारी, नातेवाईक विचारतात, 'काय झाले? व्हिसा गेला का?' हा प्रश्न विचारणे आपण सोडले, तरी कितीतरी मुले दुसऱ्या वर्षाच्या कर्जातून वाचतील.

करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. कोर्स निवडताना मुलाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या कोर्सवर परमिटचा एक दिवसही मिळणार नसता, तरी मी तो केला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर तो कोर्स घेऊ नये. सल्लागाराकडून लेखी घ्यावे की त्याला कोणत्या कॉलेजकडून किती कमिशन मिळते. तो परमिट आणि पीआरबद्दल पैसे घेऊन सल्ला देत असेल, तर कॅनडाच्या कायद्याने त्याच्याकडे तिथल्या नियामक संस्थेचा परवाना हवा. तो पाहायला मागावा. उद्देशाचे पत्र मुलाने स्वतः लिहावे, मग त्यात व्याकरणाच्या चुका राहिल्या तरी चालतील. राहते घर आणि कसती जमीन दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी तारण ठेवू नये.

काही कामे समाजाची आहेत. टोरांटोपासून व्हँकुव्हरपर्यंतच्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवात एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. तिथे रुळलेल्यांनी पहिल्या पाच वर्षांची खरी कहाणी, गोदामासकट, सांगावी. आपली महाविद्यालये कन्सल्टंटांना सभागृह भाड्याने देतात. त्यांनी त्याच सभागृहात, कमिशन न घेणाऱ्या माणसांकडून, मोफत माहिती द्यावी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, मात्र परदेशी शिक्षणाच्या एजंटांना ती लागू नाही. पंजाबने २०१२ मध्ये अशा व्यवसायांसाठी स्वतःचा कायदा केला. तो करूनही तिथे फसवणूक थांबली नाही, हे खरे. पण कायदा असला तर निदान तक्रार नोंदवायला एक दार असते. महाराष्ट्रानेही हे काम हाती घ्यावे आणि त्यात कमिशन उघड करण्याची सक्ती ठेवावी.

शेवटी वाचकांना, विशेषतः ज्यांचे मूल येत्या इनटेकला निघणार आहे त्यांना, एक विनंती. फीचा हप्ता भरण्याआधी एक संध्याकाळ मुलासोबत बसा. त्याला विचारा, तुला नेमके काय शिकायचे आहे? उत्तर येईपर्यंत थांबा. आणि मग स्वतःच्या तोंडाने सांगा, जमले तर तिथे राहा, नाही जमले तर परत ये, घरात तुझी जागा आहे आणि कुणालाही उत्तर द्यायचे नाही. हे बोलणे विमानतळावर उरकायचे नाही. ते कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी व्हायला हवे, आणि सुरुवात आई-वडिलांनीच करायला हवी.